उपासाच्या दिवशी मी कंपनीत नव्हतो

आमच्या शहरात माणसाला "कुठं असता?" असं विचारलं तर तो गल्लीचं नाव सांगत नाही. "कंपनीत," म्हणतो. कोणती कंपनी, तिथं काय बनतं, हे सगळं नंतर. मुलगा कंपनीत लागला की घरच्यांचा आवाज बदलतो. आमच्याही घरी बदलला होता. मी तेवीस वर्षांचा होतो, आयटीआय झालेला, फुलंब्रीजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं येणारा. आई शेजारणीला सांगायची, "पोरगं कंपनीत हाये." त्या शब्दाचा अर्थ काय, असं तिला कुणी विचारलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही. जवळजवळ तीस वर्षं मी तो शब्द रोज तोंडात घेतला, शर्टाच्या खिशावर शिवलेला अंगावर घातला. आणि तो मुळात काय आहे हे एक दिवस कळलं तेव्हा शिवी दिल्यासारखा लागला.

का लागला ते सांगतो. मी कमी बोलणारा म्हणून ओळखला जातो. लोकांना तो स्वभाव वाटतो. स्वभाव नव्हे, सांभाळायची गोष्ट होती, म्हणून तोंड बंद होतं. आता चोपन्न वर्षांचा झालो आहे आणि मला काही सांभाळायचं नाही. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांच्याशी मी असा वागलो त्यांची नावं लोकांनी चघळावीत असं मला वाटत नाही.

आमच्या लाइनवर आम्ही सहाजण एकत्र जेवायचो. कँटीन होतं, पण तिथली भाजी म्हणजे पिवळं पाणी. म्हणून वार ठरले होते. सहा माणसं, सहा वार. ज्याचा वार असेल त्यानं सगळ्यांपुरती भाजी आणायची, बाकीच्यांनी नुसत्या भाकऱ्या किंवा पोळ्या. मोठ्या डब्याचं झाकण टेबलाच्या मधोमध ठेवून त्यात भाजी ओतायची आणि सहा हात त्यात. ताटं-बिटं काही नाही. शनिवार माझा होता. आईच्या हातची शेंगदाण्याची आमटी किंवा शेपू असला की झाकण पुसायची गरज पडायची नाही.

गुरुवार माझ्या मित्राचा होता. तो माझ्याआधी चार वर्षं तिथं होता. माप तपासायचं गेज कसं धरायचं, कोणत्या साहेबासमोर हसायचं आणि कोणत्या साहेबासमोर नाही, हे मला त्यानं शिकवलं. पैठणकडचा. घर बौद्ध. लॉकर उघडला की दाराच्या आतल्या बाजूला निळ्या कोटातला फोटो दिसायचा. त्यानं काही लपवलं नाही, आणि त्या टेबलावर कुणी काही विचारलंही नाही. पहिल्या गुरुवारी त्यानं वांग्याचं भरीत आणलं. मी हात चाटूनपुसून खाल्लं. संध्याकाळी घरी जाऊन आईला म्हणालो, "असं भरीत करत जा की."

"कुणाच्या घरचं?" आईनं विचारलं.

मी आडनाव सांगितलं. सकाळी माझा डबा मोरीजवळच्या दगडावर पालथा होता, राखेनं तीनदा घासलेला. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या लग्नाचं चाललंय. पाव्हणे चौकशी करतेत. त्यांचा बी एकजण तिकडंच कंपनीत हाये म्हणं."

एवढंच. बाकीचं मी केलं. हे नीट लिहून ठेवतो, कारण अशा गोष्टीत आईवर ढकलून मोकळं होता येतं आणि आई सांगायला येऊ शकत नाही. तिनं डब्याला राख लावली. उपास मी शोधून काढला.

पुढच्या गुरुवारी झाकण मध्ये आलं, चवळीची उसळ होती. मी हात मागं घेतला. "माझा गुरुवार आहे," म्हणालो.

"कधीपासून?"

"आजपासून. धरलाय."

"लग्नासाठी का?" एकजण म्हणाला आणि टेबल हसलं. मित्रही हसला. "आमच्यात उपासच नाय बाबा. आम्ही सुटलो. पण तुम्ही करा, महाराज." त्या दिवसापासून मी महाराज झालो. "खायचं नाय तर नका खाऊ," तो म्हणाला, "बसा तरी. कंपनी द्या." मी बसलो. पाणी प्यालो. आई गुरुवारी न विचारता डब्यात दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू द्यायला लागली होती. आम्ही दोघं मायलेकरं त्यावर कधीच एक शब्द बोललो नाही.

लग्न झालं. पाव्हण्यांची चौकशी संपली. उपास सुटला नाही. सुरुवातीला भीती होती, मग सवय झाली, मग सोडायला कारण सापडेना. काय सांगून सोडणार? नवस फिटला म्हणून? तेवढंही मी केलं नाही.

दुसऱ्या वर्षी एका गुरुवारी मित्रानं पिशवीतून छोटी डबी काढली. "वहिनीनं पाठवलंय. उपासाची साबुदाणा खिचडी. तुमची वहिनी म्हणती, माणूस दिवसभर मशीनवर उभा ऱ्हातो, नुसत्या केळ्यावर कसं भागंल?" वहिनी म्हणजे त्याची बायको. तिला मी दोनदा पाहिलं होतं, कंपनीच्या गणपतीत आणि एकदा क्रांती चौकात, मुलाला बूट घेताना. मी डबी घेतली. "आत्ता नको, संध्याकाळी फराळ करतो," म्हणालो.

संध्याकाळी कंपनीची बस क्रांती चौकात सोडायची. तिथून फुलंब्रीच्या एसटीसाठी स्टँडपर्यंत चालत. मध्ये एक पडकी भिंत होती, तिच्या आडोशाला कुत्री बसलेली असायची. मी डबी तिथं उपडी केली. स्टँडवरच्या नळाला धुतली. शुक्रवारी परत दिली. "लई झकास झाली होती. वहिनीला सांग."

त्यानं सांगितलं असणार. कारण मग दर आठवड्याला डबी यायला लागली. भगर. रताळ्याचा कीस. राजगिऱ्याची पोळी. एकदा डबीत घडी केलेला कागद होता, वहीच्या पानाचा, वळणदार अक्षर: "उपासाला साधं मीठ चालतं का सैंधव लागतं? जिरं चालतं ना?" मी त्याच कागदाच्या मागं लिहिलं: "दोन्ही चालतं." आणि खिचडी भिंतीआड टाकली.

पुढं टेबलावरचा एकजण नोकरी सोडून गेला, वार हलले, मित्राकडं मंगळवार आला. त्याच आठवड्यात माझा उपास मंगळवारवर गेला. देवीचा. टेबलावर कुणी काही म्हणालं नाही. मित्र तेवढा माझ्याकडं बघून म्हणाला, "महाराज, देवाची बदली झाली का?" सगळे हसले. मीही हसलो. त्या मंगळवारीही डबी आली.

असं एकंदर बावीस वर्षं. मध्ये आई गेली. मी शहरात भाड्यानं राहायला आलो, मग स्वतःचं घर झालं, तरी डबी वाट वाकडी करून त्याच भिंतीआड जायची. ज्यांच्या भीतीनं सुरू केलं त्यातलं कुणीच उरलं नव्हतं. खोटं सुरू करायला आई लागली होती. चालवायला मी एकटा पुरेसा होतो. शेवटही मी केला नाही. कंपनीनं नवं कँटीन काढलं, बाहेरचे डबे बंद केले, सगळ्यांना सारखी ताटं. मित्र म्हणाला, "सुटलात महाराज." मला त्या दिवशी मोकळं वाटलं. मोकळं! याचीच मला आज जास्त लाज वाटते.

आता त्या शब्दाकडं येतो.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला एका ट्रेनिंगला बसवलं. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. हॉलमध्ये ऐंशीएक माणसं, ग्रीसचे डाग पडलेले गणवेश, पुढं पडदा. मॅडमनी विचारलं, "कंपनी म्हणजे काय?" उत्तरं आली. पगार. ओव्हरटाइम. मालक. "डोक्याला ताप," मागून कुणीतरी. मॅडम हसल्या आणि त्यांनी पडद्यावर एका पावाचं चित्र टाकलं. म्हणाल्या, हा शब्द लॅटिनमधून आला. 'कोम' म्हणजे सोबत. 'पानिस' म्हणजे पाव, भाकर. एकाच भाकरीतलं खाणारे जे सोबती, ती कंपनी. "म्हणजे तुम्ही सगळे!"

टाळ्या झाल्या. मित्र शेजारी बसला होता. त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाला, "ऐकलं का महाराज? म्हंजे उपासाच्या दिवशी तुम्ही कंपनीत नव्हताच!"

आमचं जुनं टेबल आसपासच होतं. खदाखदा हसले. मी पण हसलो, आणि हसता हसता कानापर्यंत गरम झालो.

परतताना बसमध्ये मी मोबाइलवर शोधलं. मला ते खोटं निघायला हवं होतं. असल्या ट्रेनिंगमध्ये शब्दांच्या बऱ्याच गोष्टी रचून सांगतात, हीही तशीच असेल, अशी आशा होती. एक कोश बघितला, दुसरा बघितला. खरं होतं. 'कोंपानिओ', भाकरीचा सोबती. लॅटिनमधून तो फ्रेंचांकडं गेला, तिथून इंग्रजीत. आधी नुसती माणसांची सोबत. मग सैनिकांची तुकडी. मग एकत्र धंदा करणारे व्यापारी. मग आमचं गेट, पंचिंगचं मशीन आणि खिशावरचं नाव. पाव हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला, आणि त्यांच्याकडं त्याच 'पानिस'मधून. म्हणजे वडापावातला पाव आणि कंपनीतला 'पन' एका घरातले निघाले. बस रेल्वे स्टेशनपर्यंत आली तरी मी वाचतच होतो.

मॅडमनी त्या शब्दाची गोड बाजू सांगितली होती. पण ज्यानं कुणी तो पहिल्यांदा वापरला त्याला दुसरी बाजूही ठाऊक असणार. जो आपल्या भाकरीतलं खात नाही, किंवा ज्याच्या भाकरीतलं आपण खात नाही, तो बाहेरचा. हे कळायला मला लॅटिनची गरज नव्हती. आमच्याकडं रोटीव्यवहार म्हणतात, पंगत म्हणतात, पंक्तीला बसवणं आणि पंक्तीतून उठवणं म्हणतात. आमच्या शहरातले उर्दू बोलणारे जिवलग दोस्ताला हमनिवाला म्हणतात, एका घासाचा. सगळ्यांना सगळं माहीत आहे. माणूस कुणाच्या हातचं खातो यावरून तो कुणाला माणूस समजतो हे कळतं, आणि म्हणूनच मी बावीस वर्षं ते लपवलं. मला पोट नव्हतं झाकायचं. मला ते कळू द्यायचं नव्हतं.

तीन वर्षं मी हे घेऊन हिंडलो. यंदा मित्र अठ्ठावन्नचा झाला, रिटायर झाला. जुन्या टेबलाला त्यानं रविवारी घरी जेवायला बोलावलं. त्याच्या घरी जेवायला बसण्याआधी त्याला सांगायचं, असं मी ठरवलं. आता नाही सांगितलं तर तो कंपनीच्या बाहेर, मी आत, आणि ते तसंच राहणार.

आधी गावी दादाला फोन केला. माझा थोरला भाऊ.

"जेवायला जा की," दादा म्हणाला. "कोण नाय म्हणतं? आता कोण पाळतं हे?"

"मी पाळत होतो, दादा."

"तवाची गोष्ट वेगळी होती."

"तवा म्हणजे आठ वर्षांपूर्वी."

दादा आवाज उतरवून म्हणाला, "जेव, हातात काहीतरी घेऊन जा, गोड बोल आन् ये. पण ते उकरू नको. आईचं नाव निघंल. आपल्यात तसलं काही नव्हतं, म्हणायचं."

आपल्यात तसलं काही नाही. हे वाक्य मी इतक्या घरांत, इतक्या ओट्यांवर ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. त्या क्षणी मला त्याचा असा संताप आला की मी फोन ठेवून दिला. दादाचा फोन मी आयुष्यात कधी ठेवला नव्हता.

रविवारी मी तासभर आधी गेलो. मित्र बनियनवर होता, पाण्याचा जार आत सरकवत होता. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "या भाऊजी! आज उपास नाय ना? रविवार बघूनच ठेवलं मी, म्हटलं तुमच्या कुठल्याच देवाचा नसंल."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर चहा आला असता आणि मी चहाच्या आडून काहीतरी गुळमुळीत बोललो असतो. उपास कधीच नव्हता, म्हणालो. एकही नाही. तुमच्याकडचं खायचं नव्हतं म्हणून होता. आणि डबीतलं मी खाल्लं नाही, भिंतीआड कुत्र्यांना टाकलं. दर वेळी.

वहिनींना आधी चेष्टा वाटली. त्या मित्राकडं बघून हसल्या. तो हसला नाही. तो जारच्या झाकणाकडं बघत म्हणाला, "उपास खोटा हाये ते मला कळलं होतं. मंगळवार झाला तवाच." मग माझ्याकडं बघितलं. "कुत्र्यांचं माहीत नव्हतं."

"तुम्हाला माहीत होतं?" वहिनी त्याला म्हणाल्या. "आन् मला करू दिलं?"

त्यानं जार भिंतीशी सरकवला. मला वाटलं होतं की मी दोन माणसांना एक गोष्ट सांगतोय. तिथं उभं राहिल्यावर कळलं, मी त्या दोघांतसुद्धा काहीतरी फोडलंय.

वहिनी माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "मला उपासाचं काय माहीत होतं? शेजारच्या काकूला विचारून शिकले. कांद्या-लसणाचा वास लागू नये म्हणून तुमच्यासाठी वेगळं पातेलं घेतलं. त्यात दुसरं काही शिजवलं नाय. पोरांनी मागितली तर म्हणायची, थांबा, आधी काकांची डबी भरू द्या." त्या थांबल्या. "आम्ही तुमचा विटाळ सांभाळत होतो की हो भाऊजी, तुमच्यासाठी!"

"वहिनी, मी माफी..."

"नका मागू. माफी मागितली की मला द्यावी लागंल. लोक यायचेत, मला स्वयंपाक हाये."

"मी आज जेवूनच..."

"आज तुम्ही इथं जेवायचं नाय." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. "तुम्हाला आज खायचंय, म्हणून आम्ही वाढायचं व्हय? बावीस वर्षं तुमच्या मर्जीनं झालं. आज माझ्या."

मित्र म्हणाला, "अगं..."

"तुम्ही गप बसा. तुमचं नंतर बघते."

मी चपला घालत होतो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "आन् हे इथं सांगितलं ते सोपं काम केलं. इथं आम्ही दोघंच. तुमच्या भावकीत सांगा, चारचौघांत, जेवणाच्या पंगतीत. सांगितलं तर मग बघू."

मग बघू म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्यानंतर त्या घरून निरोप नाही, आणि मी तो मागणार नाही. मित्रानं मला पुन्हा महाराज म्हणावं एवढी माझी इच्छा आहे. ती माझी अडचण, त्याची नाही. अपमान झाला असं मला वाटलं नाही. उलट त्या जिन्यावरून उपाशी उतरताना पहिल्यांदा वाटलं, आपल्याशी कुणीतरी खरं वागलं.

पंधरा दिवसांनी गावी पुतण्याचा साखरपुडा होता. मांडवात पंगत बसली. सोयरे, चुलते, भावकी, मुलीकडची माणसं. दादा वाढप्यांवर ओरडत फिरत होता. पत्रावळींवर लाडू पडले, आणि मी उभा राहिलो. लोकांना वाटलं, आहेर करतोय की काय. मी माझी गोष्ट सांगितली. मोठ्यानं. डबा, राख, उपास, भिंत. आईचं नाव आलं तिथं घेतलं, आणि माझं त्याहून जास्त वेळा घेतलं.

एक चुलते जागेवरूनच म्हणाले, "अरे बाबा, आता कोण पाळतं?"

"काका, मी पाळलं. तुम्ही कुणाकडं जेवलात ते सांगा. नाव सांगा."

"लगीनघरात ही कुठली भाषा!"

दादा आला आणि त्यानं माझा दंड धरला. "बस खाली. पाव्हणे बसलेत."

"पाव्हणे बसलेत म्हणूनच."

"बस म्हणतो ना! लोक काय म्हणतील?"

मी बसलो नाही. दादानं हात सोडला, वाढप्यांकडं वळला आणि सगळा मांडव दणाणेल असा ओरडला, "भात फिरवा रे, भात!" बादल्या आल्या, डाव वाजायला लागले, लोक एकमेकांशी मुद्दाम बोलायला लागले, मुलीकडचे दोघं उठून हात धुवायला गेले. माझं शेवटचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. भाताची बादली माझ्यापुढून गेली. ती ओळीच्या टोकापर्यंत पोचू दिली. मग घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.